प्रोसेक्को: बाटली निवडण्यापासून पेल्यापर्यंत

पणजीच्या किंवा मडगावच्या दुकानात प्रोसेक्कोची, म्हणजे इटलीतल्या बुडबुडेदार पांढऱ्या वाइनची, बाटली हाती घेतल्यावर किंमत पाहण्याआधी लेबल वाचावे, कारण आतली वाइन किती गोड आहे आणि ती कोणत्या जमिनीतून आली आहे, या दोन्ही गोष्टी तेथेच सांगितलेल्या असतात. बहुतेकांची फसगत ‘एक्स्ट्रा ड्राय’ या शब्दांनी होते. त्यांवरून वाइन अगदी कोरडी असावी असे वाटते. प्रत्यक्षात तिच्यात लिटरमागे 12 ते 17 ग्रॅम साखर असते. ‘ब्रूट’मध्ये ती 12 ग्रॅमपर्यंतच असते, आणि नुसते ‘ड्राय’ लिहिलेली बाटली 17 ते 32 ग्रॅम साखरेची, म्हणजे तिघींत सर्वांत गोड असते.

गोडीनंतर गाव पाहावे. प्रोसेक्को हे पूर्वी द्राक्षाचेही नाव होते. 2009 साली द्राक्षाला ग्लेरा हे नाव देण्यात आले आणि प्रोसेक्को हे नाव प्रदेशासाठी राखून ठेवण्यात आले, म्हणजे ग्लेराची वेल दुसरीकडे कोठेही लावून कोणी तिच्या वाइनला ते नाव देऊ नये. आपल्या काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले तेही 2009 सालीच, त्यामुळे नावाची राखण कशासाठी करायची, हे गोवेकरांना वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. लेबलावर ‘डीओसी’ हे इटलीतले मूळस्थानाचे मानांकन असेल, तर द्राक्षे वेनेतो आणि फ्रिउली या प्रदेशांतील 9 जिल्ह्यांपैकी कोठलीही असू शकतात, आणि त्यांतला बराच भाग सपाट मैदानाचा आहे. ‘डीओसीजी’ हे त्याहून वरच्या दर्जाचे मानांकन असेल, तर ती कोनेल्यानो-वाल्दोब्बियादेने किंवा आझोलो येथील टेकड्यांवरची असतात. थोडे अधिक पैसे मोजून एकदा तरी टेकडीवरची बाटली घ्यावी, असे माझे मत आहे.

या टेकड्या व्हेनिसच्या उत्तरेस, आल्प्सच्या पायथ्याशी आहेत. एकामागे एक उभ्या असलेल्या अरुंद, तीव्र उताराच्या या रांगांवर यंत्र चालवणे अवघड असल्याने छाटणीपासून तोडणीपर्यंतची बहुतेक कामे हातांनीच होतात. उतार बांधून काढण्यासाठी तेथील शेतकऱ्यांनी दगडी बांधांऐवजी गवताचे बांध राखले; गवताची मुळे माती धरून ठेवतात आणि त्यांवरच्या अरुंद पायऱ्यांवर वेलींच्या ओळी उभ्या राहतात. सत्तरी-सांग्याकडची कुळागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना उतारावर पायरीपायरीने शेती करण्यातले कष्ट लगेच ओळखू येतील. 2019 साली युनेस्कोने या भूभागाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. याच पट्ट्यात कार्तिझ्झे नावाची अवघी 107 हेक्टरची टेकडी असून तिचे नाव असलेली बाटली सर्वांत मानाची समजली जाते. ‘रिवे’ असा शब्द दिसला, तर ती एकाच गावाच्या किंवा वाडीच्या तीव्र उतारावरची, हाताने तोडलेल्या द्राक्षांची वाइन आहे, असे समजावे.

शँपेनशी तुलना करून प्रोसेक्कोला कमी लेखणे चुकीचे आहे. शँपेनमध्ये दुसरे किण्वन, म्हणजे बुडबुडे आणणारे दुसऱ्यांदाचे आंबवणे, प्रत्येक बाटलीत होते आणि यीस्टच्या दीर्घ सहवासाने तिला भाजलेल्या पावाचा गंध येतो. प्रोसेक्कोचे दुसरे किण्वन बहुधा मोठ्या बंद टाकीत होते. ही पद्धत फेदेरिको मार्तिनोत्ती यांनी 1895 साली मांडली आणि यूजीन शार्मा यांनी 1907 साली सुधारली. टाकीत थोडाच काळ राहिल्यामुळे ग्लेराचा हिरव्या सफरचंदाचा, नासपतीचा आणि पांढऱ्या फुलांचा गंध टिकून राहतो, आणि या वाइनकडून अपेक्षा धरायची ती याच ताजेपणाची. ‘कोल फोंदो’ हा जुना प्रकार मात्र बाटलीतच फसफसतो व तळाशी गाळ राखतो. तो गढूळ दिसला म्हणून परत करू नये.

ताजेपणाच महत्त्वाचा असल्यामुळे बाटली वर्षानुवर्षे जपून ठेवू नये. गोव्याच्या उष्म्यात तर साठवण विशेष सांभाळावी लागते. भर उन्हाच्या काचेमागे मांडलेली बाटली मी एकदा मोहापायी घेतली आणि तिच्यात फळाचा गंध औषधालाही उरला नव्हता. वाइन 6 ते 8 अंश सेल्सियसपर्यंत थंड करावी. बादलीत नुसता बर्फ न घालता निम्मे पाणीही घालावे, म्हणजे ती सर्व बाजूंनी आणि लवकर गार होते. उघडताना तार सैल केल्यापासून बुचावर अंगठा ठेवावा, बाटली तिरपी धरावी आणि बूच न फिरवता बाटली फिरवावी. मोठा आवाज करून बूच उडवणे म्हणजे बुडबुडे वाया घालवणे. उंच, निमुळत्या पेल्यापेक्षा पोटाशी किंचित फुगीर असा पेला घ्यावा, कारण अरुंद तोंडातून गंध नाकापर्यंत नीट पोहोचत नाही.

जेवणासोबत रव्यात तळलेल्या मुडदुशांना किंवा कोळंबीला ब्रूट उत्तम. तिचा आंबटपणा आणि बुडबुडे तेलकटपणा धुऊन काढतात. रेशाद मसाल्याच्या बांगड्याला मात्र एक्स्ट्रा ड्राय घ्यावी, कारण तिच्यातली थोडी साखर मिरचीचा तिखटपणा सौम्य करते. बेबिंकासोबत यांपैकी काहीच देऊ नये. पदार्थ वाइनपेक्षा गोड असला, की वाइन आंबट आणि पातळ लागते.