परदेशी इंग्रजी शिकवायला जाण्यापूर्वी : गोमंतकीय शिक्षकांसाठी

परदेशात इंग्रजी शिकवण्याचा विचार करणाऱ्या गोव्यातील तरुणाने सर्वप्रथम आपला पासपोर्ट समोर ठेवावा, कारण कोणत्या देशात अर्ज करता येईल हे पुष्कळदा उमेदवाराच्या इंग्रजीपेक्षा त्याच्या नागरिकत्वावर ठरते. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा प्रामुख्याने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांना मिळतो. शिकवायची भाषा हीच शिक्षकाची मातृभाषा असावी, अशी सर्वसाधारण अट चीनमध्येही आहे. १ जानेवारी २०१० पासून अमलात आलेल्या भारत-कोरिया आर्थिक भागीदारी करारात, पदवी आणि इंग्रजी अध्यापनाची पात्रता असलेल्या भारतीयांना तेथील शाळांत सहायक शिक्षक म्हणून घेण्याची तरतूद आहे. मात्र या वाटेने जाणाऱ्याने बीएड पूर्ण केल्याशिवाय अर्जाचा विचारही करू नये.

माझ्या मते गोव्यातल्या उमेदवाराने आपली शक्ती थायलंड, व्हिएतनाम आणि आखाती देश यांवर लावावी. थायलंडमध्ये इंग्रजी मातृभाषा नसलेल्या शिक्षकाकडे टोइक किंवा आयईएल्ट्स यांसारख्या इंग्रजीच्या परीक्षेचे गुण मागितले जातात आणि नोकरीसाठी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा व कामाचा परवाना असे दोन्ही लागतात. व्हिएतनाममध्ये पदवी, अध्यापनाचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचा दाखला ही प्रमाणित कागदपत्रे लागतात. आखातात भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा मोठ्या संख्येने आहेत आणि तेथे बीएड व प्रत्यक्ष अध्यापनाचा अनुभव यांना खरे वजन आहे. आयईएल्ट्सचा निकाल दोन वर्षेच ग्राह्य धरला जात असल्यामुळे देश नक्की झाल्याशिवाय त्या परीक्षेवर पैसे खर्च करू नयेत.

जपानबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण तेथील नियम आपल्या मराठी शाळांत शिकलेल्यांना थेट लागू होतो. जपानच्या ‘इन्स्ट्रक्टर’ व्हिसावर इंग्रजी शिकवायचे असेल, तर उमेदवाराचे किमान बारा वर्षांचे शिक्षण इंग्रजी माध्यमातून झालेले असावे लागते. पेडणे, डिचोली किंवा सत्तरीत चौथीपर्यंत मराठीतून शिकलेला विद्यार्थी हे वाचून निराश होतो. तथापि पाचवी ते बारावीची आठ वर्षे, पदवीची तीन आणि बीएडची दोन अशी बेरीज केली, तर तेरा वर्षे भरतात. त्यासाठी प्रत्येक शाळेकडून आणि महाविद्यालयाकडून शिक्षणाच्या माध्यमाचा लेखी दाखला, मुख्याध्यापकांच्या किंवा प्राचार्यांच्या सहीशिक्क्यानिशी, वेळेवर मिळवून ठेवावा.

गोव्यात या विषयाला पोर्तुगीज पासपोर्टचा फाटा हमखास फुटतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी येथे जन्मलेल्यांच्या मुलांना आणि नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्वाचा मार्ग मोकळा असल्यामुळे घरोघरी त्याची चर्चा असते. ते नागरिकत्व घेतल्यास १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ नुसार भारतीय नागरिकत्व संपते. युरोपीय संघात राहण्याची मुभा मिळते हे खरे; परंतु वरच्या सात देशांत पोर्तुगाल नाही, आणि ब्रिटनमध्ये युरोपीय नागरिकांना असलेला मुक्त प्रवेश ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. केवळ इंग्रजी शिकवण्यासाठी एवढा मोठा निर्णय घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

पात्रतेच्या बाबतीत दोन वाटा आहेत. शाळेत शिकवायचे असेल तर बीएड हाच भक्कम पाया आहे आणि तो गोव्यातच, फोंड्याच्या दादा वैद्य अध्यापक महाविद्यालयात किंवा पणजीच्या निर्मला इन्स्टिट्यूटमध्ये, घालता येतो. प्रौढांच्या भाषावर्गांत काम करायचे असेल, तर केंब्रिजच्या सेल्टा प्रमाणपत्राला अधिक मान आहे, कारण त्यात किमान १२० तासांच्या प्रशिक्षणाबरोबर प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर सहा तास शिकवावे लागते आणि त्या अध्यापनाचे परीक्षण होते. स्वस्त ऑनलाइन अभ्यासक्रमही १२० तासांचा आकडा पुढे करतात; त्यांत एकही तास जिवंत वर्गासमोर उभे राहावे लागत नसेल, तर त्यांची किंमत कागदापुरतीच समजावी.

सर्वांत जास्त वेळ कागदपत्रे घेतात, आणि गोव्यात त्याचे एक खास कारण आहे. जुन्या नोंदी पोर्तुगीज वळणाच्या स्पेलिंगमध्ये आहेत, त्यामुळे नाईक, केणी, कामत अशी आडनावे वडिलांच्या जन्मदाखल्यावर एका प्रकारे, आपल्या दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या प्रकारे आणि पासपोर्टवर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेली आढळतात. घरातल्यांना यात काही वावगे वाटत नाही, पण परदेशी कचेरीतल्या माणसाला ती तीन वेगवेगळी कुटुंबे दिसतात. म्हणून जन्मदाखला, दहावी-बारावीची गोवा बोर्डाची प्रमाणपत्रे, गोवा विद्यापीठाची पदवी आणि पासपोर्ट एका टेबलावर मांडून प्रत्येक अक्षर ताडून पाहावे. किरकोळ फरकासाठी प्रतिज्ञापत्र पुरते का, हे ज्या देशात जायचे तेथील वकिलातीला लेखी विचारावे. फरक मोठा असेल, तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली निबंधकांकडे रीतसर अर्ज करावा. लग्नानंतर नाव बदललेल्या स्त्रियांनी हे काम सर्वांत आधी हाती घ्यावे.

नावे जुळल्यानंतरच प्रमाणीकरण सुरू करावे. प्रथम राज्य शासनाकडून पदवीची खातरजमा होते आणि मग परराष्ट्र मंत्रालय त्यावर अपोस्टिल, म्हणजे करारातल्या इतर देशांत चालणारा खरेपणाचा शिक्का, लावते. भारत २००५ पासून अपोस्टिल करारात आहे. ओमान, बहारीन आणि सौदी अरेबिया हे देशही त्यात असल्याने त्यांच्यासाठी एवढे पुरते. संयुक्त अरब अमिरातीसाठी मात्र त्या देशाच्या वकिलातीचे साक्षांकन वेगळे घ्यावे लागते. पोलिसांचा दाखला पासपोर्ट कार्यालयामार्फत मिळतो. तो सगळ्यात शेवटी काढावा, कारण जुना दाखला बहुतेक मालक स्वीकारत नाहीत.

आता मध्यस्थांविषयी. गोव्यातून जहाजावर किंवा आखातात नोकरीला जाण्याची परंपरा जुनी आहे, त्यामुळे ओळखीच्या माणसाच्या शब्दावर पैसे देण्याची सवयही जुनीच आहे. ती येथे मोडावी. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटकडे १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याखालील नोंदणी असावी लागते, तिची पडताळणी सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या करता येते आणि अशा एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी एवढेच घेता येते. त्याहून अधिक मागणाऱ्याशी बोलणे तेथेच थांबवावे. ‘आधी टूरिस्ट व्हिसावर या, मग कागद करू’ असे कोणी सांगितले, तर ते बेकायदा काम आहे हे ओळखावे. थायलंडमधल्या नोकरीच्या नावाखाली तरुणांना म्यानमारमध्ये नेऊन डांबल्याच्या घटनांनंतर २०२२ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाला जाहीर इशारा द्यावा लागला होता.

या साऱ्या धावपळीत खुद्द शिकवण्याची तयारी मागे पडते, याचे मला फार वाईट वाटते. इथल्या वर्गात आपण अडलो की मराठी किंवा कोंकणी मदतीला येते. हनोईत ती येणार नाही. याचा सराव गोव्यातच करता येतो. आपल्या अनेक सरकारी शाळांत परप्रांतीय कामगारांची मुले आहेत, ज्यांच्या घरी कन्नड किंवा हिंदी बोलली जाते. मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन अशा मुलांना आठवड्यातून दोन-तीन तास फक्त इंग्रजीतून, चित्रे, हावभाव आणि प्रत्यक्ष वस्तू वापरून शिकवावे. भाषांतर न करता ‘उधार घेणे’ आणि ‘उधार देणे’ यांतला फरक पोचवता आला, म्हणजे तयारी होत आहे असे समजावे.

उच्चारांकडेही लक्ष हवे. दातांनी ओठ दाबून काढायचा ‘व्ही’ आणि ओठ गोल करून काढायचा ‘डब्ल्यू’ आपण दोन्ही ‘व’मध्येच बसवतो, आणि शब्दातल्या कोणत्या अवयवावर (सिलॅबलवर) जोर द्यायचा याकडे आपले लक्ष नसते. ‘रेकॉर्ड’ हा शब्द नाम असताना जोर पहिल्या अवयवावर आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर येतो. आपला आवाज रेकॉर्ड करून हे रोज तपासावे. अमेरिकी ढंगाची नक्कल करण्याची गरज नाही. स्पष्ट, एकसारखा उच्चार पुरेसा आहे. मराठीत ‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे नाहीत, म्हणून आपण ती नियम समजून घेऊन, चुकत शिकलो. थाई, जपानी किंवा कोरियन विद्यार्थ्याच्या भाषेतही ती नाहीत, त्यामुळे त्याला नेमके कुठे अडते हे आपल्याला चटकन कळते. मुलाखतीत ही गोष्ट संकोच न करता सांगावी.

करार हाती आल्यावर मूळ वेतन आणि भत्ते वेगळे दाखवले आहेत का, ते पाहावे. अमिरातीत सेवासमाप्तीचे उपदान (ग्रॅच्युइटी) मूळ वेतनावर, पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांप्रमाणे मोजले जाते, त्यामुळे मूळ वेतन मुद्दाम कमी ठेवलेला करार दीर्घकाळात नुकसान करतो. निवास, विमानाचे भाडे, आजारपणाचा विमा आणि राजीनाम्याची मुदत या चारही गोष्टी लेखी असाव्यात. पहिला पगार हाती येईपर्यंत पुरेल एवढी रक्कम जवळ ठेवावी, बँकेला अनिवासी होत असल्याचे कळवून बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीच्या, खात्यात बदलून घ्यावे, आणि कराराची, व्हिसाची व पासपोर्टची एकेक प्रत घरी ठेवून, अडचण आल्यास परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार कशी नोंदवायची हे आईवडिलांना निघण्यापूर्वी दाखवून द्यावे.