परदेशात नागपूरच्या सिमवर ओटीपी न येणे : माझा अनुभव

जर्मनीत माझ्या नागपूरच्या प्रीपेड सिमवर ‘सेवा नाही’ एवढेच दिसे आणि बँकेचा ओटीपी येत नसे. फोन बंद-चालू करणे, सिमची खाच बदलणे, ग्राहक सेवेला ई-मेल, सारे करून निव्वळ मनस्ताप झाला.

उपाय असा लागू पडला : प्रथम धरमपेठेतील धाकट्या भावाने वैधतेचा रिचार्ज केला. मग वायफायवरून कंपनीच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केले. तेथे शिरायलाही त्याच क्रमांकाचा ओटीपी मागतात, म्हणून ई-मेलचा पर्याय निवडला. नंतर डेटा रोमिंग बंद ठेवून, नेटवर्कची स्वयंचलित निवड काढली, कंपनीशी करार असलेले स्थानिक नेटवर्क हाताने निवडले आणि फोन पुन्हा सुरू केला.

ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेच्या नियमानुसार 90 दिवस वापर नसल्यास प्रीपेड क्रमांक बंद होऊ शकतो, म्हणून अधूनमधून एक एसएमएस पाठवतो.