अल्ट्रा-वाइड झूम लेन्स तपासताना या चुका टाळा

फुल-फ्रेम (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यासाठी १४-२४ किंवा १६-३५ मिमीची एफ/२.८ झूम हातात आली की बहुतेक जण पहिला फोटो समोरच्या भिंतीचा काढतात, आणि घोळ तिथेच सुरू होतो. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलाने नवी लेन्स डिसेंटर आहे, म्हणजे आतली काच मध्यापासून सरकलेली आहे, म्हणून परत केली आणि बदलून मिळालेलीही परत करायला निघाला, तेव्हा मी त्याला कॅमेरा घेऊन बोलावले. दोन्ही लेन्सच्या फोटोंत उजवीकडचेच कोपरे पुसट होते, त्यामुळे माझा संशय लेन्सवर नव्हता. भिंतीवर एक छोटा सपाट आरसा चिकटवून, लेन्सचे प्रतिबिंब फ्रेमच्या बरोबर मध्यावर येईपर्यंत आम्ही ट्रायपॉडचे हेड फिरवले. सव्वा मीटरवरून १६ मिमीला जवळजवळ पावणेतीन मीटर भिंत फ्रेममध्ये येते. तेवढ्या रुंदीत कॅमेरा जेमतेम पाच अंश तिरका होता, तरी भिंतीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा वीतभर लांब पडत होते. कॅमेरा समांतर होताच चारही कोपरे सारखे आले. पहिली लेन्स विनाकारण परत गेली होती.

मी स्वतः भिंत वापरतच नाही. सकाळी, ऊन तापून हवा थरथरू लागण्याआधी, गच्चीवर ट्रायपॉड लावतो, दूरच्या इमारतीची एकच खिडकी आळीपाळीने चारही कोपऱ्यांत आणतो आणि दर वेळी त्याच कोपऱ्यावर नव्याने फोकस करून एफ/२.८ वर, म्हणजे छिद्र पूर्ण उघडे ठेवून, फोटो घेतो. मध्यावर फोकस करून कोपरे पाहिले, तर फील्ड कर्व्हेचरमुळे (फोकसचे प्रतल सपाट नसून वक्र असल्यामुळे) आलेला पुसटपणाही लेन्सचा बिघाड वाटतो. हे सारे १४, १८ आणि २४ मिमीला करायला अर्धा तास लागतो; लाखाच्या घरातली वस्तू घेताना तेवढा वेळ नसेल, तर खरेदी पुढे ढकलावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर दिसणाऱ्या सरळ रेषांवर विसंबू नका. मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्सचे डिस्टॉर्शन (रेषांचा वाकडेपणा) आणि कडांचा काळोख सॉफ्टवेअर भरून काढते, पण त्यात कोपरे ताणले जातात आणि तिथला नॉइज (दाणेदारपणा) वाढतो. करेक्शन बंद करून एकदा रॉ फाइल (सेन्सरची मूळ नोंद) पाहाच.

कडेला उभ्या माणसाचा चेहरा ताणलेला दिसणे हा लेन्सचा दोष नव्हे, ती एवढ्या रुंद कोनाची भूमिती आहे.

१४ आणि १६ मिमीमधला फरक किरकोळ समजू नका. कर्णावरचा कोन ११४ अंशांवरून १०७ वर येतो.

फिल्टरचा खर्च आधी मोजा. निकॉनच्या २००७ च्या १४-२४ मिमीला पुढच्या फुगीर काचेमुळे स्क्रू फिल्टर लागत नाही. २०२० च्या झेड (निकॉनच्या मिररलेस कॅमेऱ्यांसाठीच्या) आवृत्तीला लागतो, पण तो ११२ मिमीचा, तोही खास हुडवर.

आणि सूर्य फ्रेमच्या आत, कडेवर आणि किंचित बाहेर ठेवून तीन फोटो घ्या. फ्लेअरचे (लेन्सच्या आत परावर्तित होणाऱ्या प्रकाशाचे) डाग बहुधा कडेवरच्या फोटोत सापडतात, आणि नेमका तोच कोणी काढत नाही.