खाडीवर जाताना फक्त रविवार बघू नका, तिथी बघा

कोल्हापुरातून सकाळी निघायचं, गगनबावड्याला चहा, घाट उतरून दुपारपर्यंत मालवण आणि तिथून देवबागला कर्लीच्या खाडीत होडी. बेत झकास. पण तारीख ठरते सुट्टी बघून, आणि मग होडीत बसल्यावर कुरकुर सुरू होते, "पक्षी कुठं आहेत?"

खाडी तिथीवर चालते. किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: पंधरवड्यातल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. दिवसाही आणि रात्रीही. तिथून सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची, म्हणजे सगळ्यात मोठी, भरती अकरा-बाराच्या सुमारास येते, म्हणजे तुम्ही घाट उतरून पोचता तेव्हा चिखल पाण्याखाली गेलेला असतो. तुतारी, चिखले, कुरल हे हिवाळी पाहुणे पक्षी त्या चिखलातच किडे आणि शंख-शिंपले टिपतात. चिखल बुडाला की ते कुठंतरी उंचवट्यावर आराम करतात. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी मिळते खरी, पण ती भांगाची, पाणी फारसं हटत नाही.

माझी पसंती द्वितीया-तृतीयेला. आदल्या रात्री मुक्काम करा. सकाळी साडेसात-आठला ओहोटी, उधाणाचा जोर अजून टिकलेला, मोठा चिखल उघडा आणि ऊन कोवळं. महिना नोव्हेंबर ते फेब्रुवारी. तरी पक्की वेळ होडीवाल्या काकांना आदल्या दिवशी फोन करून विचारा.

दुसरी चूक जिवावर बेतणारी. पंचगंगेत सूर मारणाऱ्यांना वाटतं, पोहायला येतंय की! पण नदी एकाच दिशेला वाहते, खाडी दिवसातून चारदा दिशा बदलते. ओहोटीला नदीचं आणि परतणाऱ्या भरतीचं पाणी एकत्र समुद्राकडं धावतं, आणि खाडी समुद्राला मिळते त्या संगमावर ही ओढ सगळ्यात जास्त. तिथं उतरूच नका. ओहोटीला उघड्या पडलेल्या वाळूच्या पट्टीवर उतरलात तर होडी नजरेआड जाऊ देऊ नका. लाइफ जॅकेट फोटोपुरतं नव्हे, परत येईपर्यंत अंगावर.

दाजीपूरला गेट असतं, पावती फाडतात, त्यामुळं आपण अभयारण्यात आहोत हे कळतं. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ सालचं, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या समुद्रात पसरलेलं, पण त्याला ना कुंपण ना कमान. म्हणून लोक प्रवाळाचे तुकडे, शंख खिशात घालतात. प्रवाळाला तर वाघासारखंच कायद्याचं संरक्षण आहे. कर्लीकाठची कांदळवनंही संरक्षित आहेत. सेल्फीसाठी फांद्या मोडू नका, जमिनीतून वर आलेल्या मुळांवर पाय देऊ नका, झाड त्यांतूनच श्वास घेतं.

डॉल्फिन दिसले की "काका, जवळ घ्या" हा आग्रह सोडा. पाठलाग केला की ते बुडी मारून लांब निघतात. इंजिन मंद ठेवून थांबलात तर बऱ्याचदा पुन्हा वर येतात. कुरवांना (सीगल पक्ष्यांना) फरसाण घालू नका. स्पीकर घरीच ठेवा.

आणि पायात कोल्हापुरी नको! खारं पाणी चामड्याची वाट लावतं, अनवाणी गेलात तर कालवांची धार पाय कापते. पट्ट्याचे रबरी सँडल बरे.

जून ते ऑगस्ट होड्या आणि जलक्रीडा बंद असतात. कुणी "सोडतो गुपचूप" म्हणालं तरी बसू नका.