शाळेत एनसीसी घेताय? मग हे आधी वाचा

आठवीत एनसीसीला नाव दिलं ना, मस्त, आता नीट ऐका. ज्युनियर डिव्हिजन, म्हणजे शाळेतली एनसीसी, 2 वर्षांची असते आणि ए सर्टिफिकेटच्या, म्हणजे एनसीसीच्या पहिल्या प्रमाणपत्राच्या, परीक्षेला बसायचं तर परेडला 75 टक्के हजेरी लागते, म्हणून त्या दिवशीचा क्लास आधीच पुढे ढकलून घ्या, 'सर, आज क्लास आहे' सारखं सारखं चालत नाही.

बुटांना पॉलिश आदल्या रात्रीच करायचं, जुन्या बनियनचा तुकडा बोटाला घट्ट गुंडाळायचा, थोडंसं पॉलिश, एक थेंब पाणी आणि टोकावर छोटे छोटे गोल फिरवत राहायचं, हात दुखेपर्यंत, मग चकाकी येते बघा. टोपीवरचा बॅज डाव्या डोळ्याच्या वर, टोपी उजवीकडे ओढलेली.

कमांड हिंदीत असतात. सावधानमध्ये टाचा जुळलेल्या, पंजे 30 अंशात, मुठी बंद, आणि नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही, खरंच. परेडला उपाशी मात्र येऊ नका, उन्हात चक्कर येते, पोळी खाऊन या, आणि बरं वाटत नसेल तर लगेच सांगा, लपवू नका.

कॅम्प साधारण 10 दिवसांचा, ताट-मग स्वतःचं स्वतः घासायचं, घरी आतापासूनच सुरू करा.