रुबीतील मेथड कॉल आणि आभासी यंत्राच्या सूचना यांचा माग कसा काढावा

रुबी या प्रोग्रामिंग भाषेत एखादी मेथड (नाव दिलेला, हवा तेव्हा बोलावता येणारा कोडचा तुकडा) कधी आणि कुठून बोलावली जाते हे शोधण्यासाठी जागोजागी पुट्स (मजकूर छापण्याची आज्ञा) पेरण्यापेक्षा, 2013 मध्ये आलेल्या रुबी 2.0 पासून भाषेतच असलेला, अशा घटनांची नोंद घेणारा ट्रेसपॉइंट वापरावा. (येथील नावे प्रोग्राममध्ये अर्थातच रोमन लिपीत लिहायची आहेत.) ट्रेसपॉइंट.न्यू ला कॉल आणि रिटर्न ही सिम्बॉल द्यावीत आणि सोबतच्या ब्लॉकमध्ये डिफाइन्ड_क्लास, मेथड_आयडी, पाथ व लाइननो छापावेत. मात्र कॉल घटनेत पाथ आणि लाइननो मेथडच्या व्याख्येची जागा दाखवतात, बोलावणाऱ्याची नव्हे. त्यासाठी कॉलर_लोकेशन्स पाहावे लागते. रिटर्न_व्हॅल्यू कॉलच्या वेळी विचारल्यास एरर येतो.

एनेबल ला ब्लॉक दिला की माग तेवढ्या भागापुरताच चालतो. तरीही जेम्समधील (बाहेरून आणलेल्या तयार लायब्रऱ्यांमधील) मेथडींचा पूर येतोच, म्हणून पाथ आपल्या प्रोजेक्टच्या फोल्डरने सुरू होतो का हे आधी तपासावे, किंवा रुबी 2.6 पासून मिळणाऱ्या टार्गेट पर्यायाने एकाच मेथडवर लक्ष ठेवावे.

सी या भाषेत लिहिलेल्या मेथडींसाठी सी_कॉल ही वेगळी घटना आहे, आणि खरी गंमत येथेच आहे. रुबी 2.7 मध्ये दोन पूर्णांकांची बेरीज करणाऱ्या मेथडवर सी_कॉल लावला, तर अधिक चिन्ह ही मेथड असूनही तिची नोंद येत नाही. कारण पाहायचे असल्यास रुबीव्हीएम::इन्स्ट्रक्शनसीक्वेन्स.ऑफ ला त्या मेथडचा ऑब्जेक्ट देऊन उत्तरावर डिसॅझम चालवावे, म्हणजे रुबीचे आभासी यंत्र प्रत्यक्षात पाळते त्या सूचनांची यादी मिळते; पूर्ण फाइलसाठी रुबी --डंप=इन्सन्स पुरेसे आहे. (ही सोय सी-रुबीची, म्हणजे रुबीच्या मूळ अंमलबजावणीची आहे; जावावर चालणाऱ्या जेरुबीत ती गृहीत धरू नये.) दोन गेटलोकल सूचना दोन्ही मूल्ये स्टॅकवर (यंत्राच्या तात्पुरत्या साठ्यात) ठेवतात, ऑप्ट_प्लस त्यांची बेरीज करते आणि लीव्ह परत फिरते. पूर्णांकांची बेरीज कोणी नव्याने लिहिलेली नसेल, तर ऑप्ट_प्लस मेथड न बोलावताच काम उरकते. ओळीच्या शेवटी कंसातील एलआय, सीए, आरई या खुणा तेथे अनुक्रमे लाइन, कॉल आणि रिटर्न या घटना उठतात असे सांगतात. आवृत्तीनुसार सूचना आणि खुणा बदलतात, म्हणून आपल्या यंत्रावरील यादीच प्रमाण मानावी.

बेरजेची सी_कॉल नोंद हवीच असेल, तर रुबीव्हीएम::इन्स्ट्रक्शनसीक्वेन्सच्या कंपाइल_ऑप्शन मध्ये स्पेशलाइज्ड_इन्स्ट्रक्शन ला फॉल्स करावे. पण हे फाइल लोड होण्यापूर्वीच करावे, कारण आधीच कंपाइल झालेल्या (सूचनांत रूपांतरित झालेल्या) मेथडी त्याने बदलत नाहीत.