जुन्या दुनळीसाठी काडतूस घेताना आधी हे बघा

निफाड-दिंडोरीकडं अजून काही मळ्यांत पीक-संरक्षणाच्या लायसनवरची आजोबांच्या काळातली १२ बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या भोकाचं माप) दुनळी असते, आणि दुकानात जाऊन नुसतं "बाराचं पाकीट द्या" म्हणायची सवयही. कळकळीनं सांगतो, असं करू नका. काडतूस आत बसलं म्हणजे ते त्या बंदुकीचं झालं असं नसतं.

आधी नळी दुमडून दोन्ही बाजू रिकाम्या आहेत ना ते बघा. आजोबा वारलेत आणि लायसन तुमच्या नावावर नाही? मग इथंच थांबा, बंदूक पोलीस ठाण्यात किंवा लायसनवाल्या डीलरकडं जमा करा.

मग नळ्या सुट्या करून खालचे शिक्के वाचा. इंग्लिश बंदुकीवर लंडन नाहीतर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसचे (नळ्या दाब सोसतात का ते तपासणारी संस्था) असतात. नायट्रो प्रूफचा शिक्का म्हणजे आताच्या बिनधुराच्या दारूसाठी तपासलेली. तो नसेल किंवा नळीवर लाटांसारखी नक्षी असेल (दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून जोडलेली) तर गनस्मिथनं (बंदुकीच्या कारागिरानं) तपासून हो म्हटल्याशिवाय काहीच उडवू नका.

आता सगळ्यात महत्त्वाचं, चेंबरची, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या मागच्या भागाची लांबी. जुन्या इंग्लिश दुनळ्या बहुतेक अडीच इंची, म्हणजे ६५ मिमीच्या काडतुसाच्या, आणि हल्ली ७० मिमी सर्रास मिळतं. पाकिटावरची लांबी ही उडाल्यानंतरची, तोंडाच्या घड्या उलगडल्यावरची असते, म्हणून ७० चं काडतूस ६५ च्या चेंबरमध्ये आरामात बसतं आणि तिथंच माणूस फसतो, कारण उडताना ते तोंड पुढच्या अरुंद भागात उघडतं, छर्रे-गॅसची वाट आवळते आणि दाब वाढतो. ७० च्या बंदुकीत ६५ चालतं, उलटं नाही. लांबी गनस्मिथकडून गेजनंच मोजून घ्या.

६५ मध्येही हलकंच घ्या, शिशाचे छर्रे, २८ ग्रॅमच्या आत. मॅग्नम (जास्त जोराचं काडतूस) नको, स्टीलचे छर्रे तर अजिबात नकोत, जुनी नळी आणि आवळ चोक (नळीच्या तोंडाकडचा अरुंद भाग) त्यासाठी बनलेलेच नाहीत.

घरात २० बोअरही असेल तर काडतुसं एका खिशात कधीच ठेवू नका. विसाचं बारापेक्षा बारीक असतं, ते बाराच्या नळीत घसरून पुढं अडकतं, चेंबर रिकामं दिसतं, मागून बाराचं घातलं की नळी फुटते.

ट्रंकेतली जुनी काडतुसं, पितळ हिरवं पडलेली, पावसाळ्यात पुठ्ठा फुगलेली, वापरू नका, डीलरकडं द्या.

आणि बार फुसका वाटला तर दुसरा चाप ओढायच्या आधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतोय का बघा, आत बुच (काडतुसातली दारू आणि छर्रे यांच्यामधली गादी) अडकलेलं असू शकतं.